मेलेल्या उंदरांची साक्ष

प्लेग पसरतो कसा, या प्रश्नाचे उत्तर मिळायला मुंबईत दहा वर्षे लागली. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागातील गाठीच्या तापाचे रुग्ण तपासून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे जाहीर केले. उंदीर, पिसू आणि माणूस अशी या रोगाची वाट पुराव्यानिशी मांडणारे अहवाल परळच्या प्रयोगशाळेतून १९०६ पासून बाहेर पडू लागले. मधल्या काळात कायदे झाले, घरे पाडली गेली, शहर निम्मे रिकामे झाले, पुण्यात एका अधिकाऱ्याचा खून झाला. मात्र रोगाची वाट कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हती. ती सापडली तेव्हा डॉक्टर, जीवाणुशास्त्रज्ञ, कीटकांचे जाणकार, आकड्यांचे अभ्यासक आणि उंदीर पकडणारे पालिकेचे कामगार एकाच प्रश्नाला भिडले होते.

मांडवी म्हणजे मशीद बंदरालगतचा धान्याच्या गोदामांचा आणि दाट वस्तीचा भाग. मूळचे गोव्यातील हडफडे गावचे व्हिएगस तेथे व्यवसाय करत आणि महापालिकेचे सदस्यही होते. माणसे आजारी पडण्याआधी गोदामांत मेलेले उंदीर दिसू लागले होते. घरात उंदीर मरू लागले की वस्ती सोडून दूर राहायला जायचे, ही रीत गढवाल आणि कुमाऊँच्या डोंगरी गावांत जुनीच होती. महाराष्ट्रातील खेड्यांनीही ती लवकर उचलली. ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द ऐकले की लोक दाणागोटा आणि गुरे घेऊन रानात झोपड्या घालत. या अनुभवाला सरकारदरबारी पुरावा म्हणून किंमत नव्हती.

प्लेगचा जीवाणू १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत येर्सिन आणि कितासातो यांनी शोधला होता. रोगाचे कारण कळले होते, मार्ग कळला नव्हता. त्या काळच्या आरोग्य खात्यांची भिस्त घाण, दुर्गंधी आणि कोंदट घरे या उपपत्तीवर होती. त्यामुळे मुंबईत गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली गेली, घरांना चुना फासला गेला, कौले उतरवून घरात ऊन आणले गेले, कपडे आणि अंथरुणे जाळली गेली. रुग्ण माणसामुळेच रोग फैलावतो या समजुतीने रुग्णांना सक्तीने इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांना विलगीकरण छावणीत नेले जाई. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. १८९७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत शहराच्या सव्वाआठ लाख वस्तीपैकी निम्म्याच्या आसपास लोक गावोगाव निघून गेले आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. प्रवासी अडवणे, घरांत शिरून तपासणी करणे, मालमत्ता नष्ट करणे असे अधिकार त्यातून सरकारला मिळाले. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या घेतल्या. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली; ३ जुलैला ते मरण पावले. त्याच पुण्यात हडपसरजवळच्या माळावर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. झडती घेणारा शिपाई आणि शुश्रूषा करणारी बाई, दोघांनाही रोग नेमका कुठून येतो हे ठाऊक नव्हते.

अभ्यासकांची मात्र मुंबईत वाण नव्हती. १८९७ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया आणि इजिप्त येथून वैद्यकीय पथके आली. जर्मन पथकात काही काळ रॉबर्ट कॉखही होते. या पथकांनी शवविच्छेदने केली, जीवाणू वाढवले, रुग्णांच्या लक्षणांची बारीक टिपणे काढली. प्रत्येक पथकाचे काम स्वतंत्र होते आणि अहवाल आपापल्या देशासाठी होते. रोग्याच्या शरीरात काय घडते याचे ज्ञान त्यांनी पुष्कळ वाढवले. रोग एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो, हा प्रश्न त्यातून बाजूलाच राहिला.

प्रतिबंधाच्या बाजूने मोठे काम जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी केले. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लहानशी प्रयोगशाळा मांडली. गाय आणि डुक्कर या दोन्ही प्राण्यांचे मांस हिंदुस्थानात अडचणीचे, म्हणून जीवाणू वाढवण्यासाठी त्यांनी बोकडाच्या मांसाचा रस वापरला. त्यावर तुपाचे थेंब सोडले की थेंबांच्या खालच्या अंगाला जीवाणूंची वाढ छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीसारखी खाली उतरे. चंबू हलवून ती तळाशी पाडायची, पुन्हा वाढू द्यायची आणि अखेर उष्णता देऊन जीवाणू मारायचे, अशी ही लस बनवण्याची रीत होती. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली.

लस गुणकारी आहे हे ठरवायचे कसे, हा पुढचा प्रश्न होता. पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमणमध्ये १८९७ च्या साथीत २,१९७ जणांनी लस घेतली, ६,०३३ जणांनी घेतली नाही. पहिल्या गटात ३६ माणसे दगावली, दुसऱ्यात १,४८२. फरक डोळ्यांत भरणारा होता, तरी त्यावर आक्षेप घेता येत होता. लस घ्यायला येणारी माणसे मुळातच सुस्थितीतली, सावध आणि चांगल्या घरांत राहणारी असतील, तर श्रेय लसीचे किती आणि परिस्थितीचे किती? १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावी ही शंका मुळातच टाळण्याची तजवीज झाली. प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. घर, अन्न, अंगण सारे एकच राहिले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. वैद्यकीय चाचण्यांत तुलनेचे गट कसे पाडावेत, याची शिस्त पुढच्या शतकात रूढ झाली. तिचे एक आरंभीचे उदाहरण म्हणून उंढेऱ्याकडे पाहता येते.

त्याच सुमारास पाश्चर संस्थेचे पॉल-लुई सिमाँ मुंबईत आणि नंतर कराचीत काम करत होते. काही रुग्णांच्या पायांवर त्यांना बारीक फोड दिसले. फोडांतल्या पाण्यात प्लेगचे जीवाणू होते. कीटक चावल्याची ही खूण असावी असा त्यांचा तर्क झाला. २ जून १८९८ रोजी कराचीतील हॉटेलाच्या खोलीत त्यांनी प्रयोग केला. मोठ्या काचेच्या बरणीत वाळू पसरून प्लेगच्या घरात पकडलेला आजारी उंदीर ठेवला, मांजराच्या अंगावरून काढलेल्या पिसवा त्यात सोडल्या आणि शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांत पिंजऱ्यातलाही प्लेगने मेला. दोघांचा एकमेकांना स्पर्श झाला नव्हता. सिमाँ यांचा लेख त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि बहुतेकांनी तो बाजूला सारला. प्रयोग थोडे होते, ते इतरांना लगेच साधले नाहीत आणि उंदरावरची पिसू माणसाला चावते का, याबद्दलही शंका होती.

१८९८ मध्ये सरकारने भारतीय प्लेग आयोग नेमला. एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर अध्यक्ष होते. राइट आणि रफर हे दोन वैद्यकीय संशोधक आणि ह्युएट आणि क्युमिन हे दोन मुलकी अधिकारी सदस्य होते. आयोग देशभर फिरला, दोनशेहून अधिक साक्षीदारांचे जबाब त्याने नोंदवले आणि अनेक खंडांचा अहवाल दिला. लसीबद्दल त्याचे मत एकंदरीत अनुकूल होते. पिसवेचा विचार मात्र त्याने जवळजवळ निकालात काढला. उंदीर रोग पसरवतात हे मानूनही मुख्य वाहक माणूस आणि त्याचे सामान, असाच त्याचा कल राहिला. या चुकीचे मूळ कामाच्या रीतीत होते. आयोगाने लोकांना विचारले. स्वतः प्रयोग करून पाहिले नाहीत. त्यात कीटकांचा अभ्यासक नव्हता, उंदरांच्या जाती ओळखणारा नव्हता आणि एका वस्तीवर वर्षभर नजर ठेवणाराही कोणी नव्हता.

कोंडी फोडण्याची सुरुवात ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टराने केली. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली होती. लिस्टन तेथे कामाला होते. १९०३ मध्ये भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमधील, म्हणजे राणीच्या बागेतील गिनिपिग प्लेगने मेले. त्यांच्या अंगावर सापडलेल्या पिसवा एरवी उंदरांवर आढळणाऱ्या जातीच्या होत्या. त्याच वर्षी एका चाळीत उंदीर पडले, लोकांना पिसवांचा उपद्रव सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत माणसे आजारी पडली. रहिवाशांच्या अंगावरून गोळा केलेल्या पिसवांत उंदरांच्या पिसवा बऱ्याच निघाल्या. उंदीर मेला की त्याच्या थंड झालेल्या अंगावरून पिसू उतरते आणि दुसरा उंदीर मिळाला नाही तर माणसाकडे वळते, ही साखळी लिस्टन यांनी मांडली. त्यांचा निबंध १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. वैद्यकातल्या कोड्याची उकल निसर्ग-अभ्यासकांच्या मंडळात मांडली गेली, कारण उंदीर आणि पिसवा हा त्यांच्या कुतूहलाचा विषय होता.

१९०५ मध्ये भारतमंत्र्यांचे कार्यालय, रॉयल सोसायटी आणि लंडनची लिस्टर इन्स्टिट्यूट यांनी मिळून नवी सल्लागार समिती नेमली आणि तिच्या देखरेखीखाली परळला प्लेग संशोधन आयोग काम करू लागला. लिस्टर इन्स्टिट्यूटचे संचालक चार्ल्स मार्टिन स्वतः मुंबईला येऊन गेले. त्या संस्थेतील पेट्री आणि रोलँड, भारतीय वैद्यकीय सेवेतील लँब आणि लिस्टन आणि त्यांच्या जोडीला एम. केशव पै, व्ही. एल. मानकर, सी. आर. आवारी यांच्यासारखे भारतीय डॉक्टर अशी ही मंडळी होती. पिसवांच्या जाती ठरवण्याच्या कामी चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांचे संशोधन हाताशी होते. पेशाने बँकर असलेल्या या पिसूतज्ज्ञाने मुंबईच्या उंदरांवर सर्रास आढळणाऱ्या ‘किऑपिस’ जातीचे वर्णन १९०३ मध्ये सुदानमधील नमुन्यांवरून केले होते.

परळच्या आवारात आयोगाने सहा लहान खोल्या बांधल्या. दोन खोल्यांवर साधी देशी कौले घातली, दोन खोल्यांवर मंगलोरी कौले आणि दोन खोल्यांवर पन्हळी पत्रा. देशी कौलांत उंदीर हवी तेवढी घरटी करतात, मंगलोरी कौलांत त्यांना जागा कमी मिळते, पत्र्याखाली मुळीच मिळत नाही. छताखाली तारेची जाळी होती. तिच्यातून उंदीर खाली येऊ शकत नव्हते, पण पिसवा पडू शकत होत्या. आत गिनिपिग ठेवले. पिसवा जिथे भरपूर होत्या तिथे रोग एका जनावरातून दुसऱ्यात धावला. जिथे पिसवा नव्हत्या तिथे आजारी आणि निरोगी जनावरे एकाच पिंजऱ्यात दाटीने राहिली, आजारी मादीचे दूध पिल्ले प्याली, तरी लागण झाली नाही. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले जनावर मेले, दोन फुटांवर टांगलेले वाचले. पिसवेची उडी तितकी उंच जात नाही. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा सहा इंचांचा पट्टा अंथरला तरी आतले जनावर सुरक्षित राहिले.

घरातील जमिनीबद्दलचा वाद याच पद्धतीने मिटला. शेणाने सारवलेली जमीन रोग धरून ठेवते असे मानून सरकारी पथके अशा जमिनी खणून काढत आली होती. आयोगाने शेणाच्या आणि चुन्याच्या जमिनींवर मुद्दाम प्लेगचे जीवाणू ओतले आणि त्यांवर जनावरे सोडून पाहिली. शेणाची जमीन ४८ तासांनंतर आणि चुन्याची २४ तासांनंतर निरुपद्रवी ठरली. कित्येक घरांत झालेली खोदाई आणि धुलाई यांचा रोगाशी फारसा संबंध नव्हता, हे या साध्या प्रयोगाने दाखवले.

प्रयोगशाळेबाहेरचे काम याहून मोठे होते. पालिकेचे कामगार शहरभर पिंजरे लावत, मेलेले उंदीर वेचत आणि कोणत्या जागेचा कोणता उंदीर याची चिठ्ठी लावून ते परळला पोचवत. एका वर्षात तिथे लाखाहून अधिक उंदीर फाडून तपासले गेले. प्लेगने मेलेल्या उंदराच्या बहुधा मानेलाच गाठ असे. चिठ्ठ्यांवरच्या पत्त्यांवरून नकाशे झाले, तारखांवरून आलेख झाले. गटारांत राहणाऱ्या तपकिरी उंदरांत साथ आधी येते, सुमारे दहा दिवसांनी ती घरांत राहणाऱ्या काळ्या उंदरांत पोचते आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसे आजारी पडू लागतात, हा क्रम स्पष्ट झाला. मुंबई बेटावरील शीव, वडाळा, परळ आणि वरळी ही गावे आणि पंजाबातील धुंद आणि कसेल ही खेडी निवडून तेथे घरागणिक नोंदी ठेवल्या गेल्या. गावातही क्रम तोच निघाला. ‘उंदीर पडले’ हा जुना इशारा आता तारीख, ठिकाण आणि उंदराची जात यांसह कागदावर आला.

या निष्कर्षांचा निर्णयांवर हळूहळू परिणाम झाला. सक्तीचे विलगीकरण लोकक्षोभामुळे आधीच सैल झाले होते. आता त्याला शास्त्राचाही आधार उरला नाही, कारण गाठीच्या प्लेगचा रुग्ण शेजारच्या माणसाला सहसा रोग देत नाही. उंदीर पडताच घर सोडणे, स्वेच्छेने लस घेणे, धान्याची गोदामे उंदरांना शिरता येणार नाही अशी बांधणे आणि उंदीर मारून तपासणे या उपायांवर भर आला. उलट काही मोठे निर्णय पुराव्याच्या आधीच होऊन गेले होते. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार ट्रस्टने दाट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले, ते हवा आणि उजेड मिळाला की रोग हटेल या समजुतीने. शहराला रस्ते मिळाले. उठवलेली गरीब माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली.

हाफकिन यांची गोष्टही पुराव्याआधीच्या निर्णयाची आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना काम सोडावे लागले. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि त्याच दिवशी वापरलेल्या इतर बाटल्यांत दोष नव्हता, या बाबींकडे पुरेसे लक्ष द्यायला सरकारला १९०७ साल उजाडले. त्या वर्षी ते दोषमुक्त झाले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले.

आयोगाने उलगडलेल्या साखळीतील राहिलेले दुवे पुढे इतरांनी जुळवले. १९१४ मध्ये बेकट आणि मार्टिन यांनी पिसू रोग नेमका कसा देते ते दाखवले. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जीवाणूंचा बोळा बसतो, रक्त आत जात नाही, भुकेलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर वेळी जीवाणू जखमेत ओकते. बेकट हे मूळचे कारकून. हौसेने कीटकांचा अभ्यास करत ते लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आले होते. मुंबई आणि पंजाब उद्ध्वस्त करणारा प्लेग मद्रासमध्ये का फोफावत नाही, या कोड्यावर कोलंबोच्या हर्स्ट यांनी प्रकाश टाकला. मद्रासकडची पिसू ‘किऑपिस’सारखी दिसत असली तरी ती वेगळी जात होती आणि रोग पसरवण्यात दुबळी होती. दोन पिसवांतला सूक्ष्म फरक वर्गीकरण करणाऱ्याच्या भिंगाखाली दिसला नसता, तर मद्रासचे श्रेय तिथल्या हवेला किंवा स्वच्छतेला गेले असते.

आकड्यांच्या अभ्यासकांनी परळच्या नोंदींचा असा उपयोग केला, जो आयोगाच्या मनातही नव्हता. १९२७ मध्ये एडिंबरोतील रसायनशास्त्रज्ञ कर्मॅक आणि भारतीय वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले डॉक्टर मॅकेंड्रिक यांनी साथीचे गणित मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. कर्मॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात गेली होती. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि साथीतून बाहेर पडलेले अशा गटांत लोकसंख्या वाटून साथ कशी चढते आणि कशी उतरते, हे त्यांनी समीकरणांनी दाखवले. पडताळ्यासाठी त्यांनी घेतलेले आकडे होते १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर आठवड्याला झालेल्या प्लेगमृत्यूंचे. त्यांच्या वक्ररेषेचे शिखर आठवड्याला ८९० वर येते. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या साथीचे प्रतिबिंब असल्याने हे गणित ढोबळच आहे, असे त्यांनी निबंधात नमूद केले होते.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी पुन्हा गाठीचा प्लेग उद्भवला. तिथेही आधी उंदीर पडले, पिसवांचा त्रास सुरू झाला आणि मग माणसांना ताप आला. आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपानंतर पडक्या घरांत राहिलेल्या धान्यावर उंदरांची पैदास झाली, अशी मीमांसा तपासात पुढे आली. सप्टेंबरात सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची साथ आल्यावर लाखो लोक शहर सोडून गेले आणि सरकारने डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक समिती नेमली. जीवाणू, कीटक, उंदीर आणि रुग्णांच्या नोंदी यांचा एकत्र विचार ही आता अशा तपासाची नेहमीची रीत झाली होती.

मुंबईच्या प्लेगमधून निघालेल्या दोन गोष्टी मार्च २०२० मध्ये एकाच वेळी वापरात आल्या. महाराष्ट्र शासनाने करोनाच्या साथीत १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. साथ किती वाढेल याचे अंदाज बांधणारी अनेक गणिते कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या समीकरणांवर उभी होती. कायदा रोगाची वाट कळण्याआधी झाला होता. समीकरणांचा पडताळा ज्या आकड्यांवर झाला, ते परळला चिठ्ठी लावलेल्या उंदरांचे ढीग फाडून पाहिले जात होते त्याच हंगामातले होते.